माणसें वाढलीं, मुदत लांबली

१९६४ सालच्या एप्रिल महिन्याच्या ७ तारखेस न्यूयॉर्कहून पत्रकारांना घेऊन एक खास आगगाडी पोकीप्सी या गांवीं गेली. हडसन नदीच्या कांठच्या या गांवीं आय. बी. एम. कंपनीची मोठी प्रयोगशाळा व कारखाना होता. त्या दिवशीं कंपनीचे प्रमुख धाकटे थॉमस वॉट्सन यांनीं जी घोषणा केली, ती कंपनीच्या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाची होय, असें त्यांनींच सांगितलें. ‘सिस्टिम ३६०’ या नांवाचें संगणकांचें एक नवें कुटुंब बाजारांत येणार होतें. लहानापासून थोरापर्यंत सहा यंत्रें त्यांत होतीं. आणि वर्तुळाचे ३६० अंश जसे सर्व दिशा व्यापतात, तशीं हीं यंत्रें व्यापाऱ्याचा हिशेब आणि शास्त्रज्ञाचें गणित या दोहोंसहि पुरीं पडणार होतीं.

यंत्रें डोळ्यांनीं पाहतां येत होतीं. परंतु त्यांचा सारा कारभार जिनें चालवावयाचा ती आज्ञावली कोणास दाखवितां येण्यासारखी नव्हती. कारण ती अजून लिहून व्हावयाची होती. पुढील तीन वर्षांत या न दिसणाऱ्या वस्तूनें एका बलाढ्य कंपनीला जेरीस आणलें, हजारावर माणसांना राबविलें, आणि अखेरीस जगापुढें एक असा प्रश्न टाकला कीं त्याचें उत्तर देण्यास त्या कामाच्या प्रमुखालाहि दहा वर्षें लागलीं. तो प्रश्न असा: काम मागें पडलें असतां माणसें वाढविलीं, तर तें पुढें कां सरकत नाहीं?

या यंत्रकुटुंबाचें मूळ एका भांडणांत आहे. १९६० च्या सुमारास आय. बी. एम. चीं निरनिराळीं यंत्रें एकमेकांस परकीं होतीं. व्यापारी पेढ्यांकरितां केलेल्या ‘१४०१’ या यंत्रासाठीं लिहिलेली आज्ञावली शास्त्रीय गणितासाठीं केलेल्या ‘७०९०’ वर चालत नसे. गिऱ्हाइकाचा व्याप वाढून त्यानें मोठें यंत्र घेतलें, कीं त्याच्या जुन्या आज्ञावल्या नव्यानें लिहाव्या लागत. घर बदललें म्हणून चूल, भांडीं आणि पाटावरवंटाहि नवा घ्यावा लागावा, तशांतलाच हा प्रकार. कंपनीच्या दोन शाखा एकमेकींशींच स्पर्धा करीत, आणि प्रत्येक शाखेस आपलेंच यंत्र श्रेष्ठ वाटे.

पोकीप्सी येथें फ्रेडरिक ब्रूक्स हे तरुण एंजिनियर ‘८०००’ या नव्या यंत्रमालिकेची आखणी करीत होते. १९३१ सालीं अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना राज्यांत त्यांचा जन्म झाला होता, आणि हार्वर्ड विद्यापीठांत हॉवर्ड एकन या संगणकांच्या आद्य निर्मात्यापाशीं त्यांनीं डॉक्टरेटचा अभ्यास केला होता. १९६१ सालीं बॉब इव्हान्स हे वरिष्ठ अधिकारी पोकीप्सीस आले, आणि ही मालिका बंद करून सर्व कंपनीसाठीं एकच यंत्रकुटुंब करावें असें मत त्यांनीं दिलें. ब्रूक्स कित्येक महिने त्यांच्याशीं झगडले आणि हरले. परंतु हरलेल्या प्रतिपक्ष्यास अडगळींत टाकण्याऐवजीं इव्हान्स यांनीं नव्या कुटुंबाचीं सूत्रें त्याच्याच हातीं दिलीं. या गोष्टीचा खुद्द ब्रूक्स यांनाहि मोठा अचंबा वाटला.

१९६१ च्या डिसेंबरअखेर एका समितीनें या एकीकरणाची योजना कागदावर उतरविली. जीन ॲमडाल, गेरिट ब्लाव आणि ब्रूक्स यांनीं यंत्रांची रचना ठरविली. एका अक्षरास सहा बिटांची जागा देण्याची जुनी चाल सोडून आठ बिटांची जागा देण्याचें त्यांनीं ठरविलें. आज सर्व जगांत रूढ असलेला आठ बिटांचा बाइट या निर्णयामुळें पक्का झाला. लहान यंत्रासाठीं लिहिलेली आज्ञावली मोठ्या यंत्रावर जशीच्या तशी चालावी, हा त्यांचा निर्धार होता. ‘फॉर्च्यून’ या नियतकालिकानें १९६६ सालीं या सर्व उद्योगास पांच अब्ज डॉलरांचा जुगार म्हटलें. यंत्रांच्या बाबतींत तो जुगार साधला. खरी कसोटी लागली ती ‘ओ. एस. ३६०’ या नांवाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वेळीं.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राच्या पोटांत बसलेला कारभारी होय. मोठ्या लग्नघरांत कोठी सांभाळणारा जो असतो, त्याला स्वयंपाक करावयाचा नसतो, कीं पंगतीलाहि बसावयाचें नसतें. परंतु कोणत्या चुलीवर काय चढवावें, कोणास किती तूपसाखर द्यावी, एक पंगत उठेपर्यंत दुसरीची काय तयारी करावी, हें सर्व त्याच्या तोंडच्या शब्दावर चालतें. संगणकांतील कारभारीहि असाच. कोणतें काम आधीं, कोणतें मागून, कोणास स्मृतींत किती जागा, छपाईचें यंत्र कोणाकडे, एक काम टेपवरील मजकुराची वाट पाहत थांबलें तर तेवढ्या वेळांत दुसरें कोणतें हातीं घ्यावें, याचा निवाडा तो क्षणोक्षणीं करीत असतो. त्याचा एक निवाडा चुकला, तर ज्यांचा अपराध नाहीं अशीं कामेंहि बुडतात. एवढ्या मोठ्या यंत्रकुटुंबास पुरेल असा कारभारी तोंवर कोणीं घडविलेला नव्हता.

१९६४ सालीं यंत्रांचें काम मार्गास लागल्यावर ब्रूक्स यांनीं या कारभाऱ्याच्या घडणीची जबाबदारी घेतली. आणि तेथें त्यांच्यापुढें एक पेंच येऊन उभा राहिला. आज्ञावली लिहावयास घेण्यापूर्वीं ती वापरणाऱ्यास कशी दिसावी, तिनें कोणत्या सोयी द्याव्या आणि त्या कशा मागाव्या, याचा बारीकसारीक आराखडा लागतो. घर बांधण्यापूर्वीं जसा नकाशा लागतो तसा. हा आराखडा कोणीं करावा?

आराखडे करणाऱ्या गटाच्या प्रमुखापाशीं दहा निवडक माणसें होतीं. त्यानें सांगितलें, कीं हे दहा जण तें काम दहा महिन्यांत उत्तम करतील. मात्र नेमलेल्या मुदतीपेक्षां तीन महिने अधिक लागतील. मुख्य आज्ञावली लिहिणाऱ्या गटाच्या प्रमुखापाशीं १५० माणसें होतीं. त्याचें म्हणणें असें, कीं हें काम या १५० जणांस द्यावें, दहा जणांनीं फक्त मेळ घालावा, म्हणजे तें चांगलेंहि होईल आणि मुदतींतहि बसेल. शिवाय दहा माणसें आराखडा करीत बसलीं, तर १५० माणसांनीं दहा महिने हातावर हात ठेवून बसावें काय? यावर पहिल्यानें बजावलें, कीं १५० जणांस काम दिलें तरी तें वेळेवर होणार नाहीं. तेच तीन महिने लागतील, आणि वर काम हिणकस होईल.

ब्रूक्स यांनीं १५० जणांच्या बाजूनें कौल दिला.

हा कौल अविचाराचा होता असें म्हणतां येणार नाहीं. १५० माणसांचे पगार चालू होते. गिऱ्हाइकांना तारखा दिलेल्या होत्या. आणि रिकाम्या बसलेल्या माणसांकडे पाहणें कोणाहि व्यवस्थापकास सोसवत नाहीं. दहांपैकीं नऊ व्यवहारी माणसांनीं हाच निर्णय घेतला असता. परंतु पहिल्या प्रमुखाचीं दोन्ही भाकितें खरीं ठरलीं. आराखडा तीन महिने लांबला, आणि १५० जणांच्या हातून निघाल्यामुळें त्यांत एका विचाराचा धागा राहिला नाहीं. मराठींत ज्याला बारभाईचा कारभार म्हणतात, तसा तो झाला: प्रत्येक भाग आपल्या जागीं शहाणा, परंतु सर्व मिळून घर एक नव्हे. या एका उणिवेमुळें आज्ञावली बांधणें महाग पडलें, बदलणें त्याहून महाग पडलें, आणि चुका काढण्याच्या कामांत एका वर्षाची भर पडली असावी, असा हिशेब पुढें ब्रूक्स यांनींच मांडला.

उणीव कशी प्रकट झाली, याचें एक उदाहरण पुरेसें आहे. त्या काळीं संगणकाची स्मृति फार महाग असे, म्हणून कारभाऱ्याच्या प्रत्येक भागास स्मृतींत किती जागा व्यापावी याची मर्यादा घालून दिलेली होती. ज्या गटाचा भाग मर्यादेंत मावेना, तो गट आपला कांहीं मजकूर स्मृतींतून काढून डिस्कवर ठेवी. गटाची मर्यादा पाळली जाई. परंतु तो मजकूर लागेल तेव्हां डिस्ककडे धांव घ्यावी लागे. अशा धांवा किती व्हाव्यात याची मर्यादा कोणींच घातली नव्हती. पुढें सबंध यंत्रणा किती वेगानें चालेल याचें गणित करून पाहिलें, तेव्हां ‘मॉडेल ६५’ सारख्या जलद यंत्रावर फोर्ट्रान भाषेचा अनुवादक मिनिटाला अवघीं पांच विधानें उरकतो आहे, असें उत्तर आलें. एखाद्या कारकुनानेंहि मान खालीं घालावी असा हा वेग! प्रत्येक गटानें आपल्या अंगणांतील केर शेजारच्या अंगणांत लोटला होता, आणि सबंध आळीचें अंगण कोणाच्याच वांट्यास आलेलें नव्हतें.

माणसें एकमेकांस अजाण राहूं नयेत म्हणून योजलेला उपायहि विचार करावयास लावणारा होता. प्रत्येक गटाचे निर्णय प्रत्येकास कळावेत, या हेतूनें सर्व कामाची एक वही ठेवलेली असे, आणि तिची प्रत सर्वांना मिळे. सहा महिन्यांत ही वही पांच फूट जाड झाली. न्यूयॉर्कमधील टाइम-लाइफ इमारतींतल्या कचेऱ्यांतून तिच्या शंभर प्रती होत्या. त्या एकावर एक रचल्या असत्या तर पांचशें फुटांचा मनोरा झाला असता. रोज सुमारें १५० बदललेलीं पानें येत, तीं जुनीं काढून जागच्या जागीं लावावीं लागत. अखेर कागद सोडून सूक्ष्मचित्रांच्या पट्ट्यांचा आश्रय करावा लागला. ज्यांनीं आज्ञावली लिहावयाची, त्यांचा दिवस दुसऱ्यांनीं काय लिहिलें हें समजून घेण्यांतच जाऊं लागला.

काम मागें पडत गेलें तसतशीं माणसें वाढत गेलीं. भराच्या वेळीं एक हजाराहून अधिक माणसें या एका कामावर होतीं. त्यांत आज्ञावली लिहिणारे होते, तसेच लेखक, यंत्रचालक, कारकून आणि व्यवस्थापकहि होते. १९६३ ते १९६६ या काळांत सुमारें ५००० मनुष्यवर्षांचे श्रम त्यांत खर्ची पडले. कारभाऱ्याचें पहिलें साधें रूप, जें एका वेळीं एकच काम चालवी, तें १९६६ सालीं गिऱ्हाइकांच्या हातीं आलें. अनेक कामें एकदम हांकणारें पूर्ण रूप येण्यास १९६७ साल उजाडलें. लहान यंत्रें घेणाऱ्यांसाठीं ‘डॉस ३६०’ हा आटोपशीर कारभारी निराळा करून द्यावा लागला, आणि सर्व कुटुंबास एकच कारभारी हा मूळचा संकल्प तेथें सुटला. आज्ञावलीचा खर्च पन्नास कोटी डॉलरांच्या घरांत गेला. तरीहि ‘सिस्टिम ३६०’ यशस्वी झाली, तिनें कंपनीस अपार वैभव दिलें, हेंहि तितकेंच खरें. बाजारानें क्षमा केली. परंतु ज्यांनीं तें काम केलें त्यांच्या मनांतील सल गेला नाहीं.

ब्रूक्स कंपनी सोडून नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील नव्या संगणकशास्त्र विभागाची उभारणी करावयास गेले. निघतांना वॉट्सन यांनीं त्यांना विचारलें होतें, कीं यंत्रें घडविण्यापेक्षां आज्ञावल्या घडविण्याचें काम सांभाळणें इतकें अवघड कां जातें? यंत्राचें आणि आज्ञावलीचें, दोन्ही कामें सांभाळलेला दुसरा माणूस वॉट्सन यांस क्वचितच मिळता. परंतु ब्रूक्स यांच्यापाशीं त्या वेळीं उत्तर तयार नव्हतें.

हा प्रश्न एकट्या आय. बी. एम. चा राहिला नव्हता. १९६८ च्या ऑक्टोबरांत जर्मनींतील गार्मिश या गांवीं ‘नाटो’च्या विज्ञान समितीनें एक परिषद भरविली. अकरा देशांतील पन्नासांवर तज्ज्ञ तेथें जमले. मोठ्या आज्ञावल्या वेळेवर होत नाहींत, खर्चांत बसत नाहींत आणि विश्वासास उतरत नाहींत, हें सर्वांनीं उघडपणें मान्य केलें. परिषदेचें नांवच ‘सॉफ्टवेअर एंजिनियरिंग’ असें ठेवलें होतें, तें मुद्दाम डिवचण्यासाठीं. पूल बांधणाऱ्याच्या हाताशीं जसें शास्त्र असतें, तसें शास्त्र आज्ञावली बांधणाऱ्यापाशीं अजून नाहीं, हा त्यांतील टोमणा. हेंच नांव पुढें एका विद्याशाखेचें नांव झालें.

वॉट्सन यांच्या प्रश्नाचें उत्तर ब्रूक्स यांनीं १९७५ सालीं दिलें, तें ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या लहानशा पुस्तकाच्या रूपानें. व्यवस्थापक कामाचें माप ‘मनुष्य-महिना’ या परिमाणानें करतात, म्हणजे माणसें आणि महिने यांचा गुणाकार करतात, आणि येथेंच ते फसतात, असा त्यांचा सिद्धान्त आहे. शेतांतील कापणी दहा माणसांनीं दहा दिवसांत होत असेल, तर वीस माणसें पांच दिवसांत उरकतील. कारण एका कापणाऱ्यास दुसऱ्याशीं बोलावें लागत नाहीं. परंतु मूल जन्मास येण्यास नऊ महिनेच लागतात, कितीहि बायका कामास लावल्या तरी. आज्ञावलीचें काम या दोहोंच्या मध्यें कोठें तरी पडतें, आणि तें दुसऱ्या टोंकाकडे अधिक झुकतें.

त्याचें कारण साध्या अंकगणितांत आहे. दोन माणसांत बोलण्याचा मार्ग एक. तीन माणसांत तीन, चार माणसांत सहा, दहा माणसांत ४५. माणसें १५० झालीं म्हणजे असे मार्ग ११,१७५ होतात, आणि हजार झालीं म्हणजे पांच लाखांस अवघे ५०० कमी! प्रत्येकास प्रत्येकाशीं बोलावें लागतें असें नाहीं. परंतु ज्याच्याशीं बोलावयास हवें होतें त्याच्याशीं बोलणें राहून गेलें, तर त्याची चूक आज्ञावलींत उतरते. ती चूक महिन्यांनीं सांपडते, आणि ती दुरुस्त करतांना नवी चूक शिरण्याचा संभव, ब्रूक्स यांच्या मतें, शेंकडा २० ते ५० इतका असतो. मागें पडलेल्या कामावर नवा माणूस आणला, कीं त्याला शिकविण्यासाठीं जुन्या जाणत्या माणसास हातांतलें काम टाकावें लागतें; ठरलेली वांटणी मोडून नवी करावी लागते; आणि बोलण्याचे मार्ग आणखी वाढतात. म्हणून रेंगाळलेल्या आज्ञावलीच्या कामांत माणसें ओतलीं तर तें अधिकच रेंगाळतें, असा नियम त्यांनीं मांडला. तो ‘ब्रूक्सचा नियम’ म्हणून प्रसिद्ध आहे.

मग मोठीं कामें हातीं घेऊंच नयेत काय? तसें ब्रूक्स यांचें म्हणणें नव्हतें. आराखडा एकदोघांच्याच विचारानें व्हावा, आणि बांधणी पुष्कळांनीं करावी, हा त्यांचा आग्रह. आराखड्याचा अधिकार थोड्यांकडे दिल्यानें बाकीच्यांची प्रतिभा मारली जात नाहीं; गवई रागाच्या मर्यादेंत गातो म्हणून त्याचें गाणें कांहीं कमी ठरत नाहीं, असें या मताचें मराठी रूप करतां येईल.

या पुस्तकाचें मोल त्यांतील नियमांत आहे तसेंच त्यांतील कबुलींत आहे. यशस्वी झालेल्या यंत्राचा जनक आपल्या हातून कोणता निर्णय चुकला, त्याची किंमत किती पडली आणि कोणाचा इशारा आपण ऐकला नाहीं, हें नाना सबबी न सांगतां लिहितो, अशीं उदाहरणें व्यवस्थापनाच्या इतिहासांत विरळा. पुढें आणखी एक कबुली आली. डेव्हिड पार्नस यांनीं १९७२ च्या सुमारास असें मत मांडलें होतें, कीं प्रत्येक गटास इतरांच्या भागांतील आंतला तपशील दाखवूंच नये. दोन भागांनीं एकमेकांशीं कसें वागावें एवढेंच ठरवून द्यावें. पांच फुटी वही सर्वांच्या हातीं देण्याच्या धोरणाच्या हें अगदीं उलट होतें, आणि ब्रूक्स यांनीं १९७५ सालीं तें त्याज्य मानलें होतें. १९९५ सालीं पुस्तकाची नवी आवृत्ति निघाली तेव्हां त्यांनीं साफ लिहिलें, कीं या बाबतींत पार्नस यांचें बरोबर होतें आणि आपलें चुकलें होतें.

१९९९ सालीं संगणकशास्त्रांतील ट्युरिंग पुरस्कार ब्रूक्स यांना मिळाला, आणि २०२२ च्या १७ नोव्हेंबरास ते निवर्तले. त्यांच्या ‘ओ. एस. ३६०’ चा वंशज आज आय. बी. एम. च्या मोठ्या यंत्रांवर चालतो, आणि बँकांचे व्यवहार सांभाळतो. लहान यंत्रासाठीं लिहिलेलें मोठ्यावर चालावें, हा १९६१ सालचा निर्धार साठ वर्षांनंतरहि पाळला जात आहे.

दहा माणसांना तीन महिने अधिक द्यावयाचे, एवढीच त्या दिवशींची मागणी होती. ते तीन महिने वांचविण्यासाठीं ती नाकारली गेली; ते वांचले नाहींत, आणि त्यांच्यावर एक वर्ष गेलें. ज्यानें इशारा दिला होता त्या प्रमुखाचें नांव पुस्तकांत त्या प्रसंगीं दिलेलें नाहीं. त्याचें म्हणणें मात्र दिलेलें आहे, आणि तें खरें ठरलें हेंहि दिलेलें आहे.